'बरोबर' कशाच्या बरोबर?

प्रश्न असा: गणितातल्या = या चिन्हाला आपण 'बरोबर' म्हणतो. पण 'बरोबर' म्हणजे अचूक, आणि सोबतसुद्धा. मुलांचा गोंधळ होतो, तेव्हा 'समान' म्हणावं का?

गोंधळ होतो खरा. सहावीतल्या भाचीला मी ८ + ४ = __ + ५ लिहून दिलं. तिने रिकाम्या जागी बेधडक १२ भरले. "पुढच्या पाचाचं काय?" म्हटल्यावर "मामा, ते उगाच आहे," आणि मग माझं समाधान व्हावं म्हणून शेवटी = १७ लिहून मोकळी. तिच्या वहीत ३ + ५ = ८ × २ = १६ असंही सापडतं. तोंडी हिशोब चोख, पण लिहिलंय काय, तर तीन आणि पाच मिळून सोळा! तिच्या लेखी त्या दोन रेघा म्हणजे 'किती झाले?'

पण यात 'बरोबर'चा दोष नाही. अमेरिकेतल्या शाळकरी मुलांना हेच गणित घालून पाहिलं गेलं, तिथेही १२ आणि १७ हीच उत्तरं भरपूर आली. त्यांच्या 'इक्वल्स'ला तर 'सोबत' वगैरे अर्थ चिकटलेला नाही. पहिलीपासून डावीकडे बेरीज आणि उजवीकडे एक चौकट असंच दिसत आलं, तर दुसरं काय होणार!

मूळ शब्द फारसी, बराबर. 'बर' म्हणजे छाती. छातीला छाती भिडवून, एका पातळीत. एका रांगेत चालतो तो सोबत, तोलाचा तो बरोबरीचा, मापाला उतरलं ते अचूक. तिन्ही अर्थ मला तरी एकाच घरचे वाटतात. वाण्याचा काटा मधोमध आला की तो "बरोबर" म्हणतो, ते आणि बीजगणितातलं एकच. 'समान' चालेल, पण २क्ष + ३ आणि ११ दिसायला कुठे समान आहेत?

रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्श गणितज्ञाने १५५७ मध्ये या चिन्हासाठी दोन समांतर रेघा निवडल्या, कारण त्यांच्याहून सारख्या दोन गोष्टी नाहीत असं त्याचं म्हणणं. त्याआधी ११५०च्या सुमारास भास्कराचार्यांचं चिन्हाविना भागत होतं. समीकरणाचे दोन पक्ष, म्हणजे दोन बाजू, ते एकाखाली एक मांडत. 'या' म्हणजे यावत्तावत्, आपला क्ष. 'रू' म्हणजे रूप, नुसती संख्या:

या २ रू ३
या ० रू ११

तोल डोळ्यांना दिसतो. हिंदीत यावरूनच पद पलीकडे नेण्याला पक्षांतरण म्हणतात. (पक्षांतर केलं की चिन्ह बदलतं, हे आपल्याकडे वेगळं शिकवायला नको.) मात्र 'बाजू बदलली की चिन्ह बदलतं' हा मंत्र मला आवडत नाही. तीन उडी मारून पलीकडे जात नाहीत. दोन्हीकडून तीन वजा होतात, एवढंच.

तेव्हा शब्द बदलू नका, षष्ठी लावा. 'दोन क्ष अधिक तीन बरोबर अकरा' असं न म्हणता 'दोन क्ष अधिक तीन हे अकराच्या बरोबर'. त्या 'च्या'मुळे दुसऱ्या बाजूकडे बघावंच लागतं. भाचीला तसं मोठ्याने वाचायला लावलं. "आठ अधिक चार हे… कशाच्या? कायतरी अधिक पाचाच्या बरोबर." थांबली, आणि खोडरबर शोधायला लागली.