वाचनालयाच्या छपरासाठी निधी गोळा करतोय. पोस्टला लाइक्स येतात, पैसे येत नाहीत. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की गावातल्या वाचनालयाचं छप्पर गळतं, पुस्तकं भिजतात, म्हणून पाच मित्रांनी मिळून तीन लाख जमवायचं ठरवलंय. फेसबुक-इन्स्टाग्रामवर पोस्ट टाकून पंधरा दिवस झाले, लाइक्स भरपूर, जमा मात्र अकरा हजार. मी यातून गेले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठच्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शाळा पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर वर्ग उघडला तर भिंतीवर फळ्याच्या वरपर्यंत चिखलाची रेघ. कपाटातले हजेरीपट असे फुगून चिकटलेले की पान उलटायला गेलं की लगदाच हातात यायचा. त्याच रात्री मी फेसबुकवर लिहिलं, ‘पूरग्रस्त शाळेला मदतीचा हात द्या.’ सोबत आम्हा सगळ्या शिक्षकांचा शाळेसमोरचा फोटो. लाइक्स आले, हात जोडलेल्या खुणा आल्या, पैसे आले चार हजारांच्या आत. आणि आल्या जुन्या कपड्यांच्या गाठी, ज्या ठेवायला आमच्याकडे कोरडी खोलीसुद्धा नव्हती. लोकांना द्यायचं होतं हो! काय हवंय हे मीच सांगितलं नव्हतं.

चार दिवसांनी दुसरी पोस्ट टाकली. फोटो एकच, त्या हजेरीपटाचा. खाली एवढंच: चौथीत २३ मुलं आहेत, एका मुलाचं दप्तर, वह्या आणि कंपास मिळून ६५० रुपये, २३ पैकी अजून २३ बाकी. रोज संध्याकाळी तो आकडा बदलायचे. १७ बाकी, ९ बाकी. ‘९ बाकी’ वाचल्यावर माणूस थांबतो, कारण आपल्या एकट्याच्या ६५० रुपयांनी काहीतरी पुरं होणार आहे हे त्याला दिसतं. तीन लाखांचा आकडा वाचून मात्र वाटतं, माझ्या पाचशेनं काय होणार?

पण खरा फरक पडला तो एका माजी विद्यार्थ्यामुळे. आमच्या भागातली पुष्कळ माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या, धंद्यात देशभर पांगलेली आहेत. हा कोइंबतूरला असतो. त्याने माझा मेसेज नुसता फॉरवर्ड केला नाही. आपल्या सातवीच्या बॅचच्या ग्रुपवर स्वतःच्या आवाजात निरोप टाकला, ‘आपण ज्या खिडकीपाशी बसायचो ना, ती खिडकी गेली रे. मी पाच दप्तरांचे दिलेत. तू किती देतोस?’ आणि एकेकाचं नाव घेऊन विचारलं. त्या एका ग्रुपमधून जेवढं आलं तेवढं माझ्या सगळ्या पोस्टींमधून आलं नाही.

त्यामुळे माझं सांगणं हेच की मागायचं काम ओळखीच्या माणसाला करू द्या. पोस्ट लागते ती त्याचं बोलणं खरं आहे हे दाखवायला. फॉरवर्डवर भिस्त ठेवू नका. फार फिरलेल्या मेसेजवर व्हॉट्सॲप दोन बाण दाखवतं आणि तो एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो. शिवाय ते बाण दिसले की लोक ‘खोटं असेल’ म्हणून सोडून देतात. वाचनालयात बसून अभ्यास केलेली, आता पुण्या-मुंबईला नोकरीला असलेली दहा माणसं शोधा. प्रत्येकाला आपापल्या ग्रुपवर, आपल्या शब्दांत, नाव घेऊन मागायला सांगा. २०१४ साली अमेरिकेत एएलएस या आजारासाठी डोक्यावर बर्फाचं पाणी ओतून घ्यायची जी लाट आली, तिच्यातही प्रत्येक जण साधारण तिघांची नावं घ्यायचा. तिथल्या एएलएस असोसिएशनकडे त्यातून ११.५ कोटी डॉलर जमले.

पैसे कुठे मागताय तेही बघा. कुणा मित्राच्या नंबरवर नकोत, वाचनालयाच्या संस्थेच्या खात्यावरच घ्या. क्यूआर कोड टाकलात तर खाली स्पष्ट लिहा, ‘स्कॅन केल्यावर अमुक नाव दिसेल, दुसरं दिसलं तर पैसे पाठवू नका.’ कोड बदलून तीच पोस्ट फिरवणारे असतात. संस्थेची नोंदणी नसेल आणि तुम्ही पाच जणच वर्गणी मागणार असाल तर आधी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जाऊन या. गणेश मंडळं घेतात ती कलम ४१ क ची परवानगी तिथेच मिळते. देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणारी ८०जी मान्यता संस्थेकडे नसेल तर करसवलतीचा शब्दही पोस्टमध्ये नको. असेल तर २,००० रुपयांच्या वरच्या रोख देणगीवर सवलत मिळत नाही, हे आधीच सांगा. अमेरिकेतल्या कुणाचा हात पुढे आला तर पासपोर्ट कुठला ते विचारा. भारतीय नागरिक आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवू शकतो. परदेशी नागरिकत्व घेतलेल्याचे पैसे मात्र एफसीआरएच्या, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालच्या, नोंदणीशिवाय किंवा पूर्वपरवानगीशिवाय घेता येत नाहीत, मग तो सख्खा भाऊ का असेना.

फोटोंबद्दल एक मनापासून सांगते. दप्तरं वाटताना देणगीदारांसाठी मी मुलांचे फोटो काढत होते. एक मुलगी दप्तर छातीशी धरून मान खाली घालून उभी राहिली आणि हळूच म्हणाली, ‘बाई, माझा नको.’ मी मोबाइल ठेवून दिला. नंतर रिकाम्या वर्गात बाकांवर ओळीने ठेवलेल्या दप्तरांचा फोटो पाठवला. एकाही देणगीदाराने मुलांचे चेहरे मागितले नाहीत.

काम झाल्यावर बिलांचे फोटो आणि पानभर हिशेब, शिल्लक १,३४० रुपयांसकट, मी सगळ्या ग्रुपवर टाकला. पुढच्या वर्षी पुस्तकांच्या कपाटासाठी मागितलं तेव्हा बहुतेक जुन्याच लोकांनी दिलं.

छप्पर पत्र्यांचं असेल तर तुमचं काम सोपं आहे. उद्या दुकानात जाऊन मापं द्या आणि लेखी कोटेशन आणा. मजुरीसकट एका पत्र्याला किती पडतात ते काढा आणि भिजलेल्या एकाच पुस्तकाच्या फोटोखाली ‘इतके पत्रे बाकी’ असं लिहा. आकडा निघाला की खाली प्रतिक्रियेत कळवा, दोन पत्र्यांचे पैसे मी पाठवते.