वाचकांचे प्रश्न : बोअर युद्धातली पदके

जुन्या बाजारात चांदीचे पदक मिळाले. एका बाजूला राणी व्हिक्टोरिया, दुसऱ्या बाजूला 'साउथ आफ्रिका' ही अक्षरे. फितीवर धातूच्या पाच पट्ट्या : केप कॉलनी, नाताळ, ट्यूगेला हाइट्स, ऑरेंज फ्री स्टेट आणि साउथ आफ्रिका 1901. पट्ट्या जास्त म्हणून किंमतही जास्त सांगतात. घ्यावे का? (पुणे)

या पट्ट्यांसाठी जादा पैसे देऊ नका. पदक 1899 ते 1902 मध्ये दक्षिण आफ्रिकेत ब्रिटिश आणि डच वंशाचे बोअर यांच्यात झालेल्या बोअर युद्धाचे, म्हणजे ज्याला 'क्वीन्स साउथ आफ्रिका' म्हणतात ते आहे. पण हा पाच पट्ट्यांचा संच एका सैनिकाला मिळणे नियमात बसत नाही.

या पदकासाठी एकूण 26 पट्ट्या ठरवल्या होत्या. त्यांचे तीन प्रकार होते : लढाईच्या किंवा वेढ्याच्या, प्रांताच्या आणि वर्षाच्या. प्रांताची पट्टी त्या प्रांतात नोकरी केली पण तिथल्या लढाईची पट्टी मिळाली नाही, अशांसाठी होती. ट्यूगेला हाइट्स नाताळमध्येच आहे. त्यामुळे ट्यूगेला हाइट्सची पट्टी मिळालेल्याला नाताळची मिळत नाही. शिवाय केप कॉलनी आणि नाताळ या दोन पट्ट्याही एकाच माणसाला देत नसत. तुमच्या पदकावर नाताळची पट्टी दोन्ही कारणांनी परकी ठरते. बाकीच्या चार एकत्र येऊ शकतात.

अशीच आणखी एक जोडी तपासायला सोपी आहे. 'लेडीस्मिथचा बचाव' ही पट्टी 3 नोव्हेंबर 1899 ते 28 फेब्रुवारी 1900 या काळात नाताळमधल्या लेडीस्मिथ गावाला बोअरांनी घातलेल्या वेढ्याच्या आत असलेल्यांची. 'लेडीस्मिथची सुटका' ही बाहेरून ब्रिटिश जनरल बुलरबरोबर चाल करून गेलेल्यांची. दोन्ही एका फितीवर दिसल्या की दुकानातून उठावे.

पट्ट्या कशा जोडल्या आहेत तेही बघा. मूळ पट्ट्या एकमेकींना बारीक रिव्हेटने जोडलेल्या असतात. रिव्हेटच्या जागी डाख दिसला, तार ओवलेली दिसली किंवा एक पट्टी इतरांपेक्षा वेगळ्या जाडीची वाटली, तर ती नंतर चढवलेली असण्याची शक्यता मोठी. मात्र काही सैनिकांना पट्ट्या उशिरा, सुट्या मिळाल्या आणि त्यांनी त्या शिंप्याकडून किंवा सोनाराकडून बसवून घेतल्या. म्हणून केवळ डाख दिसला म्हणून पदक खोटे ठरवू नका. निकाल नोंदवहीवरून लागतो. ते पुढच्या उत्तरात.

पदकाच्या कडेवर नाव आहे. त्या माणसाची माहिती कशी काढायची? (ठाणे)

या पदकाची खरी किंमत कडेवरच आहे. आधी भिंगाखाली कड फिरवून पूर्ण मजकूर उतरवून घ्या : क्रमांक, हुद्दा, आद्याक्षरे, आडनाव, पलटण. शिपायांची नावे बहुतेक ठशाने उठवलेली असतात, अधिकाऱ्यांची पुष्कळदा कोरलेली.

मग व्हर्नियर कॅलिपर लावा. पदकाचा व्यास सुमारे 36 मिलिमीटर असतो. जुने नाव कानशीने घासून दुसरे घातलेले असेल, तर नावाच्या जागी व्यास इतर ठिकाणांपेक्षा कमी भरतो आणि कडेचा काठ बोथट लागतो. चार-पाच ठिकाणी मोजा, एकाच मापावर विसंबू नका.

त्यानंतर पदकांची नोंदवही. ती लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात 'डब्ल्यूओ 100' या मालिकेत आहे आणि तिच्या प्रती इंटरनेटवर बघता येतात. नोंदी पलटणीनुसार आहेत. माणसाच्या नावापुढे कोणकोणत्या पट्ट्या मंजूर झाल्या त्याचे रकाने आहेत. शेरा असेल तर तोही वाचा : मेला, पळून गेला, पदक जप्त, पदक परत आले. पदक परत आल्याचा शेरा असलेल्या माणसाचे पदक बाजारात कुठून आले, हे विक्रेत्याला विचारायलाच हवे.

लोक इथे एका गोष्टीत हमखास फसतात. त्या काळी शिपायाचा क्रमांक साऱ्या सैन्यात एकच नसे, तो पलटणीपुरता असे. 4123 क्रमांकाचे डझनभर शिपाई सापडतील. क्रमांक, नाव आणि पलटण तिन्ही जुळल्याशिवाय पुढे जाऊ नका. माणूस एका तुकडीतून दुसरीत गेला असेल, तर त्याचे नाव दोन याद्यांत वेगवेगळ्या पट्ट्यांसह येते. दोन्ही याद्या जोडून बघा.

सेवेची कागदपत्रे 'डब्ल्यूओ 97' मध्ये मिळतात. त्यात उंची, जन्मगाव, शिक्षा, आजारपण असे सगळे असते. पण नोकरीत असतानाच मेलेल्यांचे कागद सहसा राहिले नाहीत, आणि या युद्धात ते थोडे नव्हते. सुमारे 22,000 ब्रिटिश आणि वसाहतींचे सैनिक मेले. त्यांतले बहुसंख्य गोळीने नव्हे, रोगाने, मुख्यतः विषमज्वराने.

दुसरे पदक राजा एडवर्डचे आहे. ते वेगळे का? (कोल्हापूर)

राणी 22 जानेवारी 1901 ला वारली आणि युद्ध चालूच राहिले. राजाचे पदक 1 जानेवारी 1902 ला किंवा त्यानंतर आघाडीवर असलेल्या आणि 1 जून 1902 पूर्वी 18 महिने नोकरी भरलेल्यांना मिळाले. त्यावर साउथ आफ्रिका 1901 आणि 1902 या दोनच पट्ट्या. ते राणीच्या पदकाशिवाय दिले जात नसे. ज्याला राजाचे पदक मिळाले, त्याच्या राणीच्या पदकावर वर्षाच्या पट्ट्या नसाव्यात. त्या होत्या राजाच्या पदकाला अपात्र ठरलेल्यांसाठी.

आमच्या घरात हेच पदक कांस्याचे आहे, पट्टी एकही नाही. नकली आहे का? (सातारा)

नकली म्हणून टाकून देऊ नका. हे युद्ध गोऱ्यांनी गोऱ्यांशी लढायचे, हिंदी पलटणी लढाईला उतरवायच्या नाहीत, असे ब्रिटिश सरकारने ठरवले होते. पण हिंदुस्थानातून गेलेल्या गोऱ्या पलटणींबरोबर सईस, भिस्ती, डोलीवाहक, धोबी गेलेच. लष्करी पगार घेणाऱ्या पण सैनिक म्हणून न नोंदलेल्या अशा माणसांना कांस्य पदक, तेही पट्टीविना, द्यायचे असा नियम होता. वेढ्यात त्यांनी तेच दिवस काढले, तीच उपासमार सोसली, आणि गोऱ्या शिपायाच्या चांदीवर 'लेडीस्मिथचा बचाव' आला. हा भेदभाव त्या धातूत आजही दिसतो. म्हणूनच हे पदक जपण्याजोगे आहे.

कडेवरचे नाव इंग्रजी कारकुनाने कानावर पडले तसे लिहिलेले असते, तेव्हा घरच्या नावाशी तंतोतंत जुळणार नाही. हुद्दा आणि तुकडी नीट वाचा, मग कांस्य पदकांच्या याद्यांत शोधा.

नाताळमधल्या हिंदी लोकांचे सुमारे 1,100 जणांचे शुश्रूषापथक गांधींनी उभे केले. ती गोष्ट वेगळी. गांधींना मिळालेले बोअर युद्धाचे पदक त्यांनी 1920 मध्ये कैसर-इ-हिंद आणि झुलू बंडाच्या पदकासह व्हाइसरॉयला परत केले.

पदक म्हणजे शौर्याचे प्रमाणपत्र का? (नागपूर)

नाही. वरची दोन्ही मोहिमेची पदके आहेत, हजेरीची. शौर्यासाठी व्हिक्टोरिया क्रॉस होता, या युद्धात 78 दिले गेले. अधिकाऱ्यांना डीएसओ (डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर), शिपायांना डीसीएम (डिस्टिंग्विश्ड कंडक्ट मेडल). 15 डिसेंबर 1899 ला कोलेन्सोच्या लढाईत तोफा ओढून आणताना जखमी होऊन दोन दिवसांनी मेलेला लेफ्टनंट रॉबर्ट्स हा पुढे याच युद्धात ब्रिटिश सरसेनापती झालेल्या लॉर्ड रॉबर्ट्सचा मुलगा. बाप आणि मुलगा दोघेही व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी. सेनापतीच्या खलित्यात नाव आले एवढ्यासाठी तेव्हा फितीवर काही खूण नसे. बोअर युद्धाच्या फितीवर ओकचे पान लावलेले दिसले, तर ते नंतरचे आहे.

आणि शौर्याची यादी वाचताना हेही लक्षात असावे, की याच मोहिमेत शेते-घरे जाळून बोअर बायकामुलांना छावण्यांत कोंडले गेले आणि 26,000 हून अधिक जीव तिथे गेले. वेगळ्या छावण्यांत हजारो कृष्णवर्णीय मेले. 'ट्रान्सवाल' आणि 'साउथ आफ्रिका 1901' या पट्ट्यांचा सैनिक नेमके काय करत होता, हे पलटणीच्या रोजनिशीतून तपासल्याशिवाय घरात फोटोफ्रेम लावू नये.

काळे पडलेले पदक चिंचेने घासू का? (मिरज)

नको. चिंच, रांगोळी, टूथपेस्ट, पॉलिश काहीही नको. चांदीवरचा काळा थर धातूचे रक्षण करतो आणि घासताना सगळ्यात आधी कडेवरची अक्षरे झिजतात. मऊ सुती कापडाने धूळ टिपा, फीत धुऊ नका, आणि पदक प्लास्टिकच्या पाकिटात न ठेवता आम्लविरहित कागदात गुंडाळून ठेवा. फीत विरली असेल तर नवी बसवताना जुनी त्याच कागदात राहू द्या.