ठाण्यात ३२ वर्षं जुन्या इमारतीत रिसेल फ्लॅट घेतोय. इंजिनिअरकडून तपासणी करून घ्यावी का?

घ्याच, पण आधी सोसायटीकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा, रिपोर्ट मागा. आदर्श उपविधींनुसार (सोसायट्यांसाठीची नमुना नियमावली) १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर ५ वर्षांनी, त्यापुढे दर ३ वर्षांनी व्हायला हवं. सेक्रेटरी 'शोधून सांगतो' म्हणत टोलवत राहिले तर सावध व्हा. रिपोर्टात सी-१, म्हणजे अतिधोकादायक, असा शेरा असेल तर विषयच संपला. ती इमारत रिकामी करून पाडायची असते.

फ्लॅट दाखवायला स्वतःचा स्ट्रक्चरल इंजिनिअर न्या, एजंटाने सुचवलेला नको. कॉलममधल्या उभ्या भेगा, बाथरूमचं छत, उघड्या पडलेल्या गंजक्या सळया तो बघेलच. छताला नुकताच रंग दिला असेल तर मात्र आवर्जून ठोकून बघायला सांगा, आतून सुटलेलं प्लास्टर पोकळ वाजतं. आणि हे सगळं टोकन देण्याआधी.