जळगावात मेहरूण तलावाजवळ जुनं घर घेतलंय, राहायला जाण्याआधी काय काय करून घ्यावं?

तुमचं घर पन्नास-साठ वर्षांचं आहे आणि जाण्याआधीच सगळं नवं करून घ्यायचं मनात आहे, असं तुम्ही लिहिलंय. मी याच भागात जुन्या घरात राहतो, म्हणून कळकळीने सांगतो: वायरिंग, अर्थिंग आणि पाण्याची टाकी एवढंच आधी करा. भिंतींना हात लावण्याआधी एक उन्हाळा आणि एक पावसाळा घरात राहून बघा.

कारण आपली काळी माती. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि तिच्यावरचं घरही तिच्यासोबत हलतं. मे महिन्यात दिसणारी फट ऑगस्टमध्ये मिटलेली असू शकते. म्हणून प्रत्येक फटीच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहा. उघडमीट करणाऱ्या फटीवर सिमेंट भरलं तर ती शेजारून पुन्हा फुटते. दोन्ही ऋतूंत वाढतच जाणारी, विशेषतः कोपऱ्यातून तिरकी जाणारी फट असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा, तिथे मिस्त्रीच्या अंदाजावर जाऊ नका. गच्चीचं पाणी जोत्यापाशी पडू देऊ नका. पाइप लांब न्या, भिंतीलगत बाहेरच्या बाजूला उतार असलेली फरशी करा. माझ्या मते रंगापेक्षा हा खर्च आधीचा.

दुसरं, ओल. तलावाजवळ पावसाळ्यानंतर जमिनीतलं पाणी वर असतं आणि ते जोत्यातून भिंतीत चढतं. तुमच्या भिंती चुन्यात किंवा मातीत बांधलेल्या असतील तर त्या ही ओल हळूहळू बाहेर टाकतात. त्यावर सिमेंटचा गिलावा किंवा ऑइल पेंट चढवला की ओल आत कोंडते, आणखी वर चढते आणि पांढरे क्षार फुलून पोपडे पडतात. ठेकेदार सिमेंटच सुचवेल. चुन्याचं काम जाणणारा जुना गवंडी शोधा, वेळ लागला तरी चालेल. लाकडाच्या चौकटी उधईसाठी, म्हणजे वाळवीसाठी, ठोकून बघा. पोकळ आवाज आला की लगेच इलाज करा.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो. जाड भिंतीचा खरा उपयोग तेव्हा कळतो. रात्री खिडक्या सताड उघड्या ठेवा, सकाळी ऊन चढायच्या आत बंद करा. कूलर लावलात तर समोरची एक खिडकी थोडी उघडी हवी, नाहीतर खोलीत नुसता दमटपणा साचतो. संध्याकाळी डासांसाठी जाळ्या लागतीलच.

वाघूर धरणाचं पाणी नळाला रोज येईल असं धरून चालू नका. पाणी कोणत्या दिवशी, किती वाजता येतं हे शेजारच्या काकूंना विचारा. जोराच्या पावसात गल्लीत पाणी कुठून शिरतं, हेही त्यांनाच ठाऊक असतं.

रुळण्याचं म्हणाल तर सकाळी तलावाच्या काठाने फिरायला जा, आठवडाभरात ओळखीपाळखी होतात. थंडी पडली की शेजाऱ्यांना भरिताला बोलवा. कापसाच्या काड्यांवर वांगी भाजायला अंगण लागतं आणि ते तुमच्याकडे आहे, तेव्हा सगळ्या अंगणाला फरशी बसवू नका.