रांदोरीत समोरची पडत नाही म्हणतेस

बाळा,

तुझं पत्र मिळालं. चार पानं लिहिलीस, त्यातल्या साडेतीन पानांत एकच तक्रार. उची-कोमीत, म्हणजे उभ्या पार्टनरवर डाव घोटताना, तुझा सेओई-नागे (खाली शिरून पाठीवरून टाकायचा डाव) झकास बसतो, सर शाबासकी देतात, आणि रांदोरी, म्हणजे मोकळी लढत, सुरू झाली की समोरची जागची हलत नाही. उलट तूच पाठीवर. उरलेल्या अर्ध्या पानात विचारतेस, ज्युदो सोडून बाजारपेठेतल्या त्या कराटे क्लासला जाऊ का, तिथे दर तीन महिन्यांनी बेल्ट मिळतो.

कराटेशी माझं वाकडं नाही. शिकवणारा चांगला असेल तर खुशाल जा. पण दर तीन महिन्यांनी ठरल्यासारखा पट्टा मिळत असेल, तर तो कशाबद्दल मिळतो हे आईला एकदा विचारायला लाव. फी ती भरते.

आता तक्रार. उची-कोमीत पार्टनर उभी राहते, कारण तिला उभं राहायला सांगितलेलं असतं. तू ओढलंस की ती येते. रांदोरीत तिलाही डोकं असतं. तू आत शिरतेस तेव्हा तिचं वजन दोन्ही पायांवर सारखं असतं, आणि नीट उभ्या माणसाला उचलून टाकायला तू काही हमाल नाहीस. आधी तोल मोडायचा, मग डाव घालायचा. याला कुझुशी म्हणतात हे तुला पाठ असेल, पण तो तोल नुसत्या हातांनी ओढून मोडत नाही. तिला पाऊल टाकायला लावावं लागतं. ओहोटीला कालवं काढायला खडपावर गेली असशील, तर शेवाळावर टाकलेला पाय पूर्ण वजन पडायच्या आतच कसा सटकतो ते तुला ठाऊक आहे. दे-आशी-बराई, म्हणजे पुढे येणारा पाय झाडायचा डाव, तेवढ्या क्षणाचीच आहे. पाय रोवून झाला की झाडलास तरी काही होत नाही, तिच्या नडगीला निळा डाग पडतो तेवढाच.

सेओई-नागेला तिचं वजन पुढे यायला हवं. म्हणून तिला आधी मागे ढकल. ढकललेलं माणूस उलट ढकलतं, तो जोर तुझ्या कामाचा. ओ-उची-गारीने तिचा पाय आतून हूक करायला जा. ती पाय सोडवून पुढे झुकेल, तेव्हा वळून आत शीर. पहिला डाव लागला नाही तरी चालतं, तो लागावा म्हणून घालायचाच नसतो. सुरुवातीला हे फार सावकाश होईल आणि तिला आधीच कळेल. कळू दे.

दुसरं कारण तू लिहिलेलं नाहीस, पण मी पैज लावते: तुझे हात ताठ असतात. नव्या मुलींचे असतातच. पडायचं नाही असं ठरवून आलेली मुलगी कोपरं सरळ करून समोरचीला लांब धरते आणि सगळी वेळ तशीच काढते. त्या ताठ हातांमुळे समोरची आत येत नाही हे खरं, पण तुझाही रस्ता त्याच हातांनी बंद होतो. शिवाय दोन मिनिटांत दंड भरून येतात आणि मग तू पडतेसच, दमून. तेव्हा महिनाभर एवढंच कर: कोपरं वाकवून पकड घे, डाव घालत राहा आणि पडत राहा. रात्री वहीत लिहायचंच असेल तर किती वेळा आत शिरलीस ते लिही. कुणी कुणाला किती वेळा पाडलं हे लिहू नकोस.

पडण्यात कमीपणा आहे असं तुझ्या सगळ्या पत्रातून जाणवतं, म्हणून थोडं मागचं सांगते. ज्युदो घडवणाऱ्या जिगोरो कानो यांनी 1882 साली टोकियोतल्या एइशोजी नावाच्या देवळात कोदोकान ही आपली शाळा सुरू केली, बारा तातामींच्या, म्हणजे बारा जपानी चटयांच्या, जागेत. तुमच्या शाळेचा हॉल त्याहून मोठा आहे. जुन्या जुजुत्सूत, म्हणजे ज्युदोच्या आधीच्या जपानी झुंजकलेत, डोळ्यांवर, नरड्यावर मारायचे, बोटं-मनगटं मोडायचे प्रकार होते. ते खऱ्या जोराने पार्टनरवर करून बघणार कसे? दुसऱ्या दिवशी पार्टनर कुठून आणणार? म्हणून ते ठरलेल्या हालचालींतच घोटले जायचे. कानोंनी असले डाव कातासाठी, म्हणजे त्या ठरलेल्या हालचालींसाठी, ठेवले, आणि समोरचा पूर्ण ताकदीने विरोध करत असताना, त्याला जायबंदी न करता जे करता येईल ते रांदोरीसाठी घेतलं. आमच्या आळीत अजून कुणीतरी मला ऐकवतं, ‘ज्युदोत मारत नाहीत, मग उपयोग काय?’ मारत नाहीत म्हणूनच रोज संध्याकाळी खरोखरची झटापट करता येते. ज्या रांदोरीला तू वैतागली आहेस तिच्यासाठीच तर हा सगळा खटाटोप झाला.

क्लासमधल्या दोन कबड्डीवाल्या मुली तुला लोळवतात, असंही लिहिलंस. लोळवणारच! लहानपणापासून मातीत पकडी खाल्लेल्या पोरी त्या, अंगाला कुणी भिडलं की बिचकत नाहीत. कंबर किती खाली ठेवतात ते बघून घे. एकच गोष्ट त्यांच्याकडून उचलू नकोस: पायाला हात घालणं. 2010 मध्ये त्यावर बंधनं आली आणि 2013 पासून स्पर्धेत उभ्याने पाय पकडणं पूर्ण बंद आहे. कोकणातल्या मुलांना ही सवय सोडवताना आम्हा शिकवणाऱ्यांच्या नाकी नऊ येतात.

उंचीचं रडगाणं तर मी वाचलंच नाही असं समज. सेओई-नागे बुटक्यांच्या सोयीचा डाव आहे, तुला समोरचीच्या खाली शिरायला फारसं वाकावं लागत नाही. कानोंच्या शिष्या केइको फुकुदा पाच फुटांच्याही आतच होत्या. 2011 साली, वयाच्या 98 व्या वर्षी, त्यांना दहावा दान (काळ्या पट्ट्याची दहावी पायरी) मिळाला. मी शिकायला लागले तेव्हा बायकांचा ज्युदो ऑलिम्पिकमध्ये नव्हता; 1988 ला सोलमध्ये नुसता प्रात्यक्षिकापुरता आला आणि पदकं 1992 ला बार्सिलोनात. क्लासमध्ये मुली नव्हत्या, त्यामुळे मुलांबरोबरच लढायचं. तेव्हापासून पार्टनर निवडताना मी वजन नंतर बघते. आधी बघते, टाकताना तो बाही धरून ठेवतो की सोडून देतो. बाही सोडून देणाऱ्याबरोबर रांदोरी करू नकोस, तो सरांचा लाडका असला तरी.

यापुढचं नीट वाच. जपानमधल्या शाळांत ज्युदो करताना मुलं दगावली आहेत, गेल्या काही दशकांत शंभराहून जास्त. बहुतेकांना डोक्याला मार लागला होता आणि त्यांत नवशिके पुष्कळ होते. ओ-सोतो-गारी या बाहेरून पाय झाडायच्या डावात माणूस सरळ मागे जातो, हनुवटी छातीला लावलेली नसेल तर डोकं आपटतं. म्हणून उकेमीचा, म्हणजे नीट पडायच्या सरावाचा, कंटाळा करायचा नाही, बेल्ट कुठलाही असो. डोकं आपटलं की त्या दिवशी मॅटवरून खाली. डोकं दुखतंय, मळमळतंय, झोप येतेय, असं काही झालं तर घरी लपवायचं नाही, तडक डॉक्टर. डॉक्टर हो म्हणेपर्यंत परत यायचं नाही. सर रागावतील, जिल्हास्तर जवळ आलाय, असली कारणं मला सांगू नकोस.

एसटी स्टँडवर कुणी हात धरला तर ज्युदो कामाला येईल का, हेही विचारलंस. थोडा येईल. पकड सुटायला येईल, आणि ढकललं तर जांभ्याच्या चिऱ्यावर डोकं न आपटता पडता येईल, ते बरंच आहे. पण त्याला पाडून दाखवायच्या नादाला लागू नकोस. तिथे मॅट नाही, पंच नाही, आणि तो एकटाच आहे हेही तुला माहीत नाही. हात सुटला की ओरडायचं आणि कंट्रोलरच्या खिडकीकडे पळायचं.

पावसाळ्याचं दोन ओळींत. ओला गी (ज्युदोचा पोशाख) पिशवीत कोंबून ठेवू नकोस, गजकर्ण अख्ख्या क्लासला होतं. नखं काप, मॅट रोज फिनाइलने पुसली जाते का बघ, जात नसेल तर फडकं तूच उचल. आणि पुळणीत सराव करायची हौस असेल तर कोरडी वाळू निवड. जुलै 2021 च्या पुरात वाशिष्ठीचं पाणी शिरून आमच्या मॅट कुजल्या, तेव्हा काही दिवस आम्ही गुहागरच्या किनाऱ्यावर सराव करायचो. ओहोटीची ओली वाळू दिसायला मऊ असते. पाठीला विचार!

सुट्टीत चिपळूणला येशील तेव्हा दोन गी आण, एक दिवसात वाळत नाही. त्या कबड्डीवाल्या दोघींपैकी कुणी येत असेल तर तिलाही आण. तुझ्याबरोबर रांदोरीला मला तीच हवी आहे.

तुझी
मॅडम