फोर्ड मॉडेल ‘ए’चे ब्रेक : रॉड आखडावेत का?

प्रश्न : आजोबांची १९३० सालची फोर्ड मॉडेल ‘ए’ आम्ही पुन्हा रस्त्यावर आणली आहे. ब्रेकचे पेडल फार खाली जात असल्याने कारागिराने पेडलचा जोर चाकांपर्यंत नेणारे चारही रॉड (लोखंडी सळ्या) आखडून दिले. पेडल वर आले, परंतु आता ब्रेक दाबताच गाडी डावीकडे ओढते आणि थांबायला पूर्वीपेक्षा अधिक अंतर घेते. हायड्रॉलिक, म्हणजे द्रवाच्या दाबावर चालणारे, ब्रेक बसवून घ्यावेत का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : हायड्रॉलिकचा विचार बाजूला ठेवावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. फोर्डने ते ब्रेक १९३९च्या मॉडेलपासून दिले; तोवरच्या लाखो गाड्या रॉड किंवा केबलच्या ब्रेकवरच धावल्या.

आपल्या गाडीत रॉडची लांबी बदलली, हीच मूळ चूक आहे. पेडल मोकळे असताना पुढच्या चाकावरचा आर्म (रॉड ज्याला जोडलेला असतो ती तरफ) उभ्या रेषेपासून सुमारे १५ अंश पुढे झुकलेला असावा. तरच रॉडने खेचल्यावर तो रॉडशी काटकोनात येतो आणि तरफेचा पूर्ण जोर मिळतो. रॉड आखडला की आर्म आरंभीच मागे येतो, पेडल कडक लागते, पण शूवर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला आतून दाबणाऱ्या कमानीवर, पोहोचणारा जोर घटतो. मागच्या आर्मची ढिलाई हाताने काढून धरावी आणि रॉड व आर्म जोडणारी पिन जबरदस्तीशिवाय भोकात उतरेल एवढीच रॉडची लांबी ठेवावी.

मग पेडल खाली का जात होते? झीज झाल्यामुळे. रॉडच्या टोकांच्या पिना आणि लांबट झालेली भोके, मधल्या आडव्या शाफ्टचे बुश, आर्मचे गोल टोक आणि पोकळ किंगपिनमधून (पुढचे चाक ज्या उभ्या खिळीभोवती वळते तिच्यातून) खाली जाणारी ब्रेकची पिन, या प्रत्येक ठिकाणची थोडीथोडी ढिलाई एकत्र आली की पेडलचा बराच प्रवास वाया जातो. भोके वेल्डिंगने भरून नव्याने पाडून घ्यावीत. ड्रमचा मूळ व्यास ११ इंच असतो, त्याहून ०.०६० इंचापेक्षा अधिक कापला गेलेला ड्रम बदलावा. ड्रम उघडताना हवेचा फवारा मुळीच मारू नये. जुन्या लायनरमध्ये (शूवरच्या घर्षणपट्टीत) ॲस्बेस्टॉस असते, म्हणून धूळ ओल्या फडक्याने टिपावी.

शू आणि ड्रममधील अंतर मात्र रॉडने नव्हे, तर बॅकिंग प्लेटवरच्या (ड्रममागच्या स्थिर तबकडीवरच्या) चौकोनी डोक्याच्या ॲडजस्टरनेच जुळवावे. चारही चाके भक्कम स्टँडवर उचलावीत आणि सीट व पेडल यांच्यामध्ये लाकडी दांडा अडकवून पेडल टप्प्याटप्प्याने दाबावे. मागची चाके पुढच्यांच्या किंचित आधी धरली पाहिजेत, कारण पुढची चाके आधी जाम झाली तर स्टिअरिंग निरुपयोगी होते.

गाडी डावीकडे ओढते याचा अर्थ उजव्या बाजूची पकड कमी आहे. तिथल्या लायनरवर ग्रीस वा तेल आले आहे का, हे आधी पाहावे. तसे असेल तर सील आणि लायनर दोन्ही बदलावीत. त्यानंतरही थोडा फरक उरला, तर जास्त धरणाऱ्या चाकाचा ॲडजस्टर एकेक टिचकीने सैल करावा आणि मोकळ्या, सपाट रस्त्यावर कमी वेगात पुन्हा तपासून पाहावे.