हायपरथायरॉइडचं (थायरॉइड ग्रंथी जास्त चालते त्याचं) ऑपरेशन झालं, आता टीएसएच (थायरॉइडचं हार्मोन कमी पडलं की रक्तात वाढतो तो) उलट वाढलाय. थायरॉइड हार्मोनची गोळी आयुष्यभर घ्यावी लागेल का?

पूर्ण ग्रंथी काढली असेल तर हो, आयुष्यभर, त्यात विचारण्यासारखं काही नाही. अर्धवट काढली असेल तर उरलेल्या तुकड्यावर आहे, आणि माझा तुकडा काही पुरला नाही.

मला ग्रेव्हज होता, म्हणजे शरीरच थायरॉइडला जास्त हार्मोन बनवायला लावतं तो आजार. कार्बिमाझोल, म्हणजे थायरॉइड दाबायची गोळी, चालू असूनही हात इतके थरथरायचे की चहा देताना कपबशी वाजायची, भाकरीवर भाकरी खाऊन वजन उतरतच होतं. सर्जन म्हणाले थोडी ग्रंथी ठेवलीये, बघू, म्हणून हार्मोनची गोळी दिली नव्हती. काही महिने मस्त गेले. मग मे आला, आमच्या चोपड्यात (जळगाव जिल्हा) पारा ४४ च्या वर, सगळं घर कुलरसमोर लोळतंय आणि मी गोधडी पांघरून बसलेली! आवाज जाड झालेला, केसांचे पुंजके हातात, भरिताची वांगी भाजायला ठेवली की तिथंच डुलकी लागायची. जेठाणी काय म्हणे, "हाई काय नवं नाटक शे, पहिले पळत होती, आता झोपती." भाऊबंदकीत आळशी म्हणून नाव झालं. टीएसएच केला तर ७० च्या पुढे. रिपोर्ट दाखवला तर म्हणे लॅबवाले काहीबी लिखतस. अजूनही लग्नाकार्यात सांगते की हिने ऑपरेशनच्या नावावर आराम केला. म्हणून सांगते, रिपोर्टची फाईल जपून ठेवा आणि नवऱ्याला एकदा डॉक्टरसमोर बसवाच, घरात बोलायला कोणीतरी पाहिजे.

बाकी गोळी अनशापोटी, साध्या पाण्याबरोबर, चहा अर्ध्या-एक तासाने. कॅल्शियम नाहीतर लोहाची गोळी असेल तर मध्ये चार तास सोडा. डोस बदलला की सहा ते आठ आठवड्यांनी तपासणी, दर हप्त्याला करून फायदा नाही, गोळीचा असर सावकाश बसतो.

हां, एक राहिलं, सुरुवातीला नुसत्या टीएसएचवर जाऊ नका, ग्रेव्हजमध्ये तो आधीपासून दबलेला असतो, हार्मोन खरंच कमी पडत असलं तरी वर यायला वेळ लावतो, फ्री टी४ (रक्तातलं थायरॉइडचं हार्मोन) पण करा. ऑपरेशननंतर ओठांना, बोटांना मुंग्या आल्या तर ते कॅल्शियम कमी झाल्याचं, त्याच दिवशी दवाखाना गाठा. तुकडा ठेवलेल्यांना क्वचित जुना त्रास परत होतो. आणि डोस माझा बघून घेऊ नका, तो वजनावर आणि रिपोर्टवर ठरतो, बाळाचा विचार असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा, तेव्हा तो बहुतेक वाढवावा लागतो.